कम्युनिकेशनची डिग्री, लोनचा आकडा आणि आजोबांची सही



एरवी या पानावर आम्ही ब्लडप्रेशर, गुडघे, साखर असल्या विषयांवर लिहितो. या खेपेचा विषय औषधाचा नाही, पण रात्रीची झोप उडवणारा नक्कीच आहे. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन घरांतून आमच्याकडे जवळजवळ एकच प्रश्न आला. नात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कम्युनिकेशन शिकायचं आहे. खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला, घरात पेढे वाटले, आणि मग खर्चाचा कागद आला. सरकारी लोन पुरत नाही. खाजगी लोन देणारे म्हणतात, को-साइनर आणा. आजोबांचं घर फेडून झालेलं, क्रेडिट उत्तम, तेव्हा सगळ्यांचे डोळे आजोबांकडे. आजोबा म्हणतात, "बडबड शिकायला एक लाख डॉलर? आम्ही फुकट शिकवतो!" नात रडते, आणि आजी मधल्या मधे अडकते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नातीचा विषय वाईट नाही. किंमत वाईट असू शकते. नर्सला पहिल्या वर्षी हेच शिकवतात की औषध कोणतं एवढंच बघू नका, मात्रा किती तेही बघा. एक गोळी बरी करते, दहा गोळ्या इमर्जन्सीत पोचवतात. लोनचंही तसंच आहे.

विषयाला नावं ठेवण्याआधी

कम्युनिकेशन म्हणजे नुसती बडबड नाही. बातमी लिहिणं, रेडिओ-टीव्ही, जाहिरात, कंपनीची किंवा संस्थेची लोकांपुढे बाजू मांडणं, सोशल मीडिया सांभाळणं, भाषणं लिहिणं, हे सगळं त्यात येतं. हॉस्पिटलातही ही माणसं लागतात. पेशंटला घरी पाठवताना जो सूचनांचा कागद देतात, तो समजेल अशा भाषेत नसला तर पेशंट आठ दिवसांत परत येतो. हे आम्ही नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं आहे. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आणि आपल्या बेने इस्राएल मंडळींना तर हे क्षेत्र नवं नाहीच. १९३१ साली आलेला पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपलेच. नट डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर जेवढे गाजले तेवढेच स्टेजवर सूत्रसंचालन करूनही गाजले. तेव्हा आजोबांनी विषयाची थट्टा करू नये. मुलीचं मन मोडतं, आणि मग ती हिशोबाचंही ऐकत नाही.

पगार किती मिळतो

आता आकडे. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हे अमेरिकन सरकारचं खातं दरवर्षी पगारांची माहिती देतं. त्यात मधला पगार सांगतात. मुलांनो, मधला पगार म्हणजे शंभर माणसं पगाराप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. मे २०२४ च्या आकड्यांप्रमाणे सगळ्या नोकऱ्या मिळून हा मधला पगार वर्षाला ४९,५०० डॉलर होता. पब्लिक रिलेशन्सच्या कामाचा सुमारे ७० हजार, बातमीदार-पत्रकारांचा सुमारे ६० हजार. ताळा पाहण्यासाठी सांगतो, रजिस्टर्ड नर्सचा सुमारे ९३,६०० होता.

सत्तर हजार ऐकून हुरळून जाऊ नका. हा पगार त्या कामातल्या सगळ्या वयाच्या माणसांचा आहे, वीस वर्षं मुरलेल्यांचा धरून. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीचा नाही. शिवाय कम्युनिकेशन शिकलेल्या प्रत्येकाला ते काम मिळतंच असं नाही. नर्सिंगला परीक्षा आहे, लायसन्स आहे, लायसन्स हातात आलं की काम ठरलेलं. कम्युनिकेशनला लायसन्स नाही. ते काम इंग्रजी, इतिहास शिकलेला मुलगाही करू शकतो. त्यामुळे सुरुवात बहुतेक लहान पगाराची. त्यातून २००५ पासून या देशातली एक तृतीयांशापेक्षा जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. साधा मजकूर तर आता कॉम्प्युटरही लिहून देतो. हुशार, कष्टाळू मुलगी वर येतेच, पण तिला वर यायला वेळ मिळाला पाहिजे. आणि मोठं लोन नेमका तोच वेळ देत नाही.

लोनचा घाणा

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, हे मुलांना माहीत असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घाण्यावरचा हिशोब सरळ होता. तीळ किती घातले आणि तेल किती निघालं. कॉलेजचा हिशोब याहून फार निराळा नाही.

सरकारी विद्यार्थी लोनला मर्यादा आहे. आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दरवर्षी ७,५००. चार वर्षांचे होतात २७ हजार. यासाठी को-साइनर लागत नाही, क्रेडिट कोणी बघत नाही. फाफ्सा नावाचा अर्ज मात्र भरावा लागतो. २०२५-२६ साली घेतलेल्या अशा लोनवर व्याज ६.३९ टक्के होतं. यात दोन प्रकार आहेत. सबसिडाइज्ड लोनवर शिकत असेपर्यंत व्याज सरकार सोसतं. अनसबसिडाइज्डवर पैसे दिल्या दिवसापासून व्याज चढायला लागतं, आणि मूल मात्र अजून वर्गात बसलेलं असतं.

आता समजा दोन मुली आहेत. दोघींनी कम्युनिकेशनच घेतलं, दोघींना पहिली नोकरी वर्षाला ४२ हजारांची लागली. न्यूयॉर्कमध्ये कर जाऊन महिन्याला हातात साधारण पावणेतीन हजार डॉलर येतील.

पहिलीवर २७ हजारांचं लोन आहे. ६.३९ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता बसतो सुमारे ३०५ डॉलर. हातातल्या पगाराचा नववा हिस्सा. काटकसर करावी लागेल, पण चालेल.

दुसरीवर एक लाखाचं लोन आहे, २७ हजार सरकारी आणि बाकी खाजगी. खाजगीचं व्याज तेवढंच धरलं, जे पुष्कळदा जास्तच असतं, तरी हप्ता बसतो सुमारे १,१३० डॉलर. शंभरातले एकेचाळीस डॉलर हप्त्यात गेले. उरलेल्या सोळाशेत भाडं, जेवण, गाडी, फोन. न्यूयॉर्कचं भाडं तुम्हाला आम्ही काय सांगावं! अशी मुलगी कमी पगाराची पण चांगलं शिकवणारी नोकरी घेऊ शकत नाही, लग्नाचा विचार पुढे ढकलते, आणि कुठलंही काम मिळेल ते धरते. विषय तोच, मुलगी तेवढीच हुशार, फरक मात्रेचा.

मुलांनो, एक सोपी ओळ वहीत लिहून ठेवा. दर १० हजार डॉलर लोनला दहा वर्षं दरमहा ११३ डॉलर. दुसरं, सगळं मिळून लोन पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावं. हा जुना ठोकताळा आहे, पण अजून उपयोगी पडतो.

हप्ता लांबवला तर? १ जुलै २०२६ पासून घेतलेल्या सरकारी लोनला नवे नियम आहेत. साध्या योजनेत २५ ते ५० हजारांच्या लोनला पंधरा वर्षांची मुदत मिळते. आपल्या पहिल्या मुलीचा हप्ता ३०५ वरून २३४ वर येईल, पण एकूण फेड ३६,६०० च्या जागी ४२ हजार होईल. पगाराच्या प्रमाणात हप्ता भरण्याचीही एक योजना आहे, त्यात उरलेलं लोन माफ व्हायला तीस वर्षं लागतात. बावीस वर्षांच्या मुलीला तोवर बावन्नावं लागेल.

सगळे आजोबांकडे का वळतात

याच नव्या कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे. आईबाप मुलासाठी पॅरेंट प्लस नावाचं सरकारी लोन काढतात. पूर्वी कॉलेजचा जेवढा खर्च तेवढं ते मिळे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने लोन काढणाऱ्यांना मर्यादा घातली. एका मुलामागे वर्षाला २० हजार, आणि सगळे मिळून ६५ हजार. महागड्या कॉलेजला हे पुरत नाही, मग खाजगी लोन, आणि खाजगी लोनला को-साइनर. आजी-आजोबांना पॅरेंट प्लस मिळत नाही, नातवंड कायद्याने दत्तक घेतलं असेल तरच. म्हणून आपल्यापुढे येतो तो कागद बहुतेक खाजगी लोनचाच.

को-साइनर म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. को-साइनर म्हणजे जामीन, आणि जामीन म्हणजे स्वतः कर्जदार. नातीने हप्ता चुकवला की मागणी आपल्याकडे. ते लोन आपल्याही क्रेडिट रिपोर्टवर दिसतं. खाजगी लोनला पगाराप्रमाणे हप्ता मिळण्याचा हक्क नाही, सरकारी माफी नाही. दिवाळखोरीतसुद्धा विद्यार्थी लोन सहजी सुटत नाही. आपल्या नीतिसूत्रांच्या ग्रंथात जामीन राहण्याविषयी एकदा नव्हे, अनेकदा सावध केलं आहे. त्या काळातही आजोबा असतीलच.

काही गोष्टी विचारून घ्या. व्याज कायमचं एकच आहे की वरखाली होणारं? किती हप्ते वेळेवर भरल्यावर को-साइनरला मोकळं करतात? को-साइनर वारला तर काय? या शेवटच्या बाबतीत कायदा बरा झाला आहे. नोव्हेंबर २०१८ नंतरच्या खाजगी लोनमध्ये को-साइनर वारला म्हणून सगळी रक्कम एकदम मागता येत नाही, आणि दुर्दैवाने विद्यार्थीच गेला तर को-साइनर सुटतो. जुन्या लोनला हे लागू नाही, तेव्हा ज्यांनी आधी सही केली आहे त्यांनी आपले कागद काढून बघावे.

पॅरेंट प्लस काढणाऱ्या साठीच्या आसपासच्या आईबापांनाही एक सांगणं. सरकारी लोन थकलं तर सोशल सिक्युरिटीतून १५ टक्क्यांपर्यंत कापण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हातारपणची भाकरी गहाण ठेवून मूल शिकवू नये. शेवटी सांभाळायची पाळी त्या मुलावरच येते.

सही न करताही हात देता येतो

आम्ही मुंबईला नर्सिंग शिकलो तेव्हा हॉस्टेल, जेवण, युनिफॉर्म आणि वर थोडासा स्टायपेंड मिळे. बदल्यात रात्रपाळ्या. फी आम्ही पायांनी भरली म्हणा ना. त्यामुळे शिकायला कर्ज काढतात हेच आपल्या पिढीच्या गळी उतरत नाही. पण इथल्या मुलांना ती सोय नाही, म्हणून नुसतं "आमच्या वेळी" म्हणून भागणार नाही. काय करता येईल ते पाहू.

पहिलं, स्वस्त कॉलेज. न्यूयॉर्क शहराच्या क्युनी कॉलेजांत राज्यातल्या मुलांना वर्षाची ट्यूशन फी ६,९३० डॉलर आहे. खाजगी कॉलेजात ती साठ हजारांच्याही वर जाते. क्युनीच्या क्वीन्स कॉलेजात आणि हंटर कॉलेजात मीडिया स्टडीज आहे, बारूक कॉलेजात कम्युनिकेशन आहे. कमी उत्पन्नाच्या घराला पेल ग्रँट मिळते. २०२५-२६ साली ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि ती परत करायची नसते. न्यूयॉर्क राज्याची एक्सेलसियर स्कॉलरशिप २०१७ पासून आहे. वर्षाला सव्वा लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ती आहे, पण शिकून झाल्यावर तेवढी वर्षं राज्यातच राहावं लागतं, नाहीतर तिचं लोन होतं. न्यूजर्सीच्या मंडळींनी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं आणि मग बदली, हा रस्ता पाहावा. शेवटी डिग्रीवर नाव दुसऱ्या कॉलेजचंच येतं.

दुसरं, घर. नातीला आपल्याकडे खोली द्या. चार वर्षांचं भाडं आणि जेवण वाचलं की निम्मं लोन वाचलं. तुम्हालाही संध्याकाळी कोणी बोलायला मिळेल. आजोबांना बडबड फुकट शिकवायची आहेच!

तिसरं, ५२९ खातं. नातवंड लहान असताना यात थोडे थोडे पैसे टाकले तर शिक्षणासाठी काढताना त्यातल्या वाढीवर फेडरल कर लागत नाही. आजी-आजोबांच्या नावावरच्या खात्यातून दिलेले पैसे पूर्वी फाफ्सात मुलाचं उत्पन्न म्हणून मोजत, आणि त्यामुळे मदत कमी होई. २०२४-२५ च्या फाफ्सापासून ते मोजत नाहीत. जमतील तेवढेच द्या, पण द्या.

चौथं, बिनव्याजी कर्ज. तोराहने आपसांत व्याज घ्यायला मनाई केली, त्यातूनच आपल्या लोकांत बिनव्याजी कर्जसंस्थांची रीत पडली. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ पासून काम करते आहे आणि शिक्षणासाठीही कर्ज देते. तिथेही जामीन लागतो, हे लपवत नाही. पण जेवढे घेतले तेवढेच परत करायचे, वर एक सेंट नाही. पाच-सात हजारांची फट बुजवायला हा फार चांगला मार्ग आहे.

मुलांनो, हे काम तुमचं

तुम्ही आमच्यापेक्षा कॉम्प्युटर चांगला चालवता, तेव्हा हे तुम्हीच करायचं. सरकारच्या शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड आहे. त्यात नुसतं कॉलेज बघू नका. त्या कॉलेजातला कम्युनिकेशनचा कोर्स काढा. तो शिकून गेलेल्यांना काही वर्षांनी मधला पगार किती, आणि त्यांच्यावर मधलं लोन किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. तीन-चार कॉलेजांचे लिहा. एकाच विषयाला कॉलेजागणिक केवढा फरक पडतो ते डोळ्यांनी दिसेल. पण लक्षात ठेवा, हे आकडे सरकारी मदत घेतलेल्या मुलांचे आहेत, आणि त्या लोनमध्ये खाजगी लोन धरलेलं नसतं. म्हणजे आजोबांनी सही केलेलं लोन तिथे दिसणारच नाही.

नव्या कायद्यात अशीही अट आहे की ज्या कोर्सची पदवीधर मुलं फक्त हायस्कूल शिकलेल्यांपेक्षा कमी कमावतात, आणि तीनपैकी दोन वर्षं असंच राहतं, त्या कोर्सला सरकारी लोन बंद. म्हणजे सरकारसुद्धा आता तीळ आणि तेल मोजायला लागलं आहे. तुम्ही का मोजू नये?

कॉलेजच्या पत्रात 'मदत' म्हणून जी यादी येते ती पेन घेऊन वाचा. ग्रँट आणि स्कॉलरशिपखाली एक रेघ, लोनखाली दोन रेघा. दोन रेघांची मदत ही मदत नव्हे, ते तुमच्याच भविष्यातल्या पगारातून काढलेले पैसे आहेत. एकूण खर्चातून फक्त एक रेघेचे आकडे वजा करा. जे उरेल तीच खरी किंमत. तिला चारने गुणा, कारण पत्र एका वर्षाचं असतं. घरातलं उत्पन्न कमी झालं असेल, कोणाची नोकरी गेली असेल, तर कॉलेजच्या मदत खात्याला लिहा आणि फेरविचार मागा. मागायला लाजू नका. कम्युनिकेशन शिकायचं आहे ना? मग हा पहिला धडा समजा.

आणि शिकत असताना काम मिळवा. कॉलेजचं वर्तमानपत्र, रेडिओ, उन्हाळ्यातली इंटर्नशिप, काहीही. या विषयात डिग्रीच्या कागदाइतकंच महत्त्व तुम्ही करून दाखवलेल्या कामाला असतं. आपल्या या पत्रिकेलाही मदतीची गरज आहेच. आपल्या म्हाताऱ्या मंडळींच्या मुलाखती घ्या, फोटोखाली नावं लिहा. नोकरी मागायला जाल तेव्हा दाखवायला चार पानं तयार असतील, आणि आमच्या जुन्या आठवणीही कागदावर राहतील.

आजी-आजोबांना शेवटी एवढंच सांगणं, की "हो" किंवा "नाही" म्हणायच्या आधी नातीला शेजारी बसवा. एक कागद घ्या, वर लिहिल्याप्रमाणे तिच्याच हाताने हिशोब करून घ्या. महिन्याचा हप्ता तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला की बहुतेक वेळा निर्णय ती स्वतःच घेते. मग तिने स्वस्त कॉलेज निवडलं तर ते तिचं शहाणपण, तुमचा नकार नव्हे. नात्यात कडवटपणा येत नाही.

पुढच्या अंकात परत आपले गुडघे! तोवर सर्वांनी प्रकृती सांभाळा, पाणी भरपूर प्या. शालोम.